वाकळेवरचा समुद्र

शिवलीला बिराजदारने घरात समुद्र आणला तो पिशवीत भरून. औशाहून येणाऱ्या विजेच्या एस.टी.तून ती उतरली तेव्हा तिच्या खांद्यावर सागरी मिठाची पिशवी होती आणि मागून एका टेम्पोतून गोल काचेची टाकी येत होती. लातूर जिल्ह्यातलं ते गाव. इथून समुद्र गाठायचा म्हणजे अख्खा दिवस प्रवासात जाणार, आणि उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीसुद्धा मारामार. अशा गावात बोअरचं पाणी गाळून त्यात मीठ कालवायचं, हे ऐकल्यावर तिच्या आईने कपाळाला हात लावला.

"माय गं! प्यायला पाणी न्हाई आन् ही हाय ते खारट करायली!"

आईला घरात सगळे अव्वा म्हणत. अव्वाला कुठलीही गोष्ट आधी नको असायची आणि मग त्याच गोष्टीशिवाय तिचं पान हलायचं नाही. टाकीचंही तेच झालं.

लीला औशाच्या कॉलेजात विज्ञान शिकवायची. रत्नागिरीच्या एका सागरी संशोधन संस्थेला देशावरच्या गावांत अशा टाक्या ठेवायच्या होत्या, आणि त्याला कारण होता एक प्राणी. कोकण किनाऱ्यापासून पुष्कळ आत, जिथे समुद्राचा तळ एकदम खोल उतरतो, तिथल्या काळ्या गार पाण्यात तो काही वर्षांपूर्वी सापडला होता. अंगठ्याएवढा, आरपार दिसणारा, आणि भरतीच्या वेळी पोटातून निळसर उजेड देणारा. मच्छीमारांनी त्याला पणती म्हणायला सुरुवात केली आणि शास्त्रज्ञांनी दिलेलं लांबलचक नाव कागदावरच राहिलं. कोडं असं होतं, की किनाऱ्यावरच्या बंद खोलीत, टाकीत ठेवल्या तरी पणत्या बरोबर भरतीलाच पेटायच्या. ही नुसती आठवण, की त्यांना आणखी काही कळतं? समुद्रापासून लांब नेऊन बघितल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं.

टाकी मांडणं हे लोणचं घालण्याइतकंच धीराचं काम निघालं. मीठ विरघळवून भागत नाही. पाण्यात चांगले जिवाणू वाढावे लागतात, कारण प्राण्यांची घाण तेच संपवतात. ते वाढेपर्यंत पाणी नुसतं मुरू द्यायचं. पाणी उडून कमी झालं की वरून गोडंच पाणी घालायचं, कारण मीठ काही उडून जात नाही. टाकी गोल, कारण पणतीला कोपरा माहीतच नसतो. खोल समुद्रात तिला जन्मात भिंत लागलेली नसते, त्यामुळे कोपऱ्यात शिरली की तिथेच अडकून फाटते. पाणी गार ठेवायला एक छोटं यंत्र होतं, ते मांजरासारखं घुरघुरायचं. अव्वा येता-जाता त्यावर हात ठेवून बघायची.

अप्पा हे सगळं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधून बघत होते.

सिद्रामप्पा बिराजदार म्हणजे लीलाचे वडील. शेडच्या मागेच त्यांचं चांगलं सिमेंटचं घर होतं, भूकंपानंतर सरकारने नव्या जागी वसवलेल्या गावातलं. अप्पा त्यात जेवायचे, हिशेबाला बसायचे, पण झोपायला शेडमध्ये. "पत्रा पडला तर माणूस मरत न्हाई," हे त्यांचं म्हणणं. त्र्याण्णव सालच्या त्या रात्री, गणपती बुडवून सगळं गाव झोपलेलं असताना, त्यांचं जुनं दगडमातीचं घर बसलं. आई, वडील आणि पाठची बहीण आत होती. दहा वर्षांचे अप्पा मिरवणुकीत नाचून दमले होते, दारातल्या बैलगाडीतच त्यांना झोप लागली होती, म्हणून वाचले. त्या रात्रीबद्दल ते एकच वाक्य बोलत. "मी जागा असतो तर हाक मारली असती."

तेव्हापासून, आता पन्नास वर्षं होत आली तरी, ते भुईवर अंथरूण टाकून उजव्या हाताचा तळवा जमिनीला लावून झोपायचे. झोपायचे म्हणजे राखण करायचे. जमीन हललीच तर सगळ्यांच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे, एवढ्यासाठी त्या माणसाने आयुष्यात एकदाही गाढ झोप घेतली नव्हती. लीलाला लहानपणी वाटायचं, सगळ्यांचे वडील असेच झोपतात.

मागच्या थंडीत अप्पांना न्यूमोनिया झाला. लातूरच्या डॉक्टरांनी लीलाला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, आणखी एक हिवाळा उघड्यावर काढला तर ही फुप्फुसं टिकणार नाहीत. बंद खोलीत, उबेत झोपवा. लीलाने विनवलं, भांडून झालं, रडूनही झालं. अप्पा तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "भिंतीचं काय न्हाई, बाळ. जमिनीचा भरवसा न्हाई." आणि संध्याकाळी शेडमध्ये अंथरूण घातलं.

पाऊस सरता सरता पणत्या आल्या, रत्नागिरीहून चंदेरी डब्यातून. लीलाने टाकी शेडमध्येच मांडली होती. पण आठ-दहा दिवसांतच तिच्या लक्षात आलं, की काहीतरी बिनसलंय. पणत्या भरतीलाही पेटत आणि ओहोटीलाही. अव्वा झाडायला आली की पेटत, रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की पेटत. नोंदींचा नुसता गोंधळ. शेवटी तिने संस्थेच्या डॉ. रुबीना मुकादम यांना व्हिडिओवर टाकी दाखवली. डॉ. मुकादम जन्माने रत्नागिरीच्या, पन्नाशीच्या, हसऱ्या. त्या आधी चक्रावल्या आणि मग खो खो हसायला लागल्या.

"अगं लीला, टाकीला ताप आलाय काय? गादीवर कशाला झोपवलीयस?"

लीलाने खाली बघितलं. टाकी एका जाड, चौपदरी वाकळेवर बसली होती. जुन्या लुगड्यांची ती वाकळ तिनेच अंथरली होती, आणि आपण ती अंथरली हे तिला आत्ता पहिल्यांदा दिसलं. त्यांच्या घरात काचेचं सगळं वाकळेवरच असायचं आणि खालीच असायचं. औषधाच्या बाटल्या, कपबशा, इतकंच काय, आरसासुद्धा भिंतीला टेकवून वाकळेवर उभा. अव्वाने लग्न झाल्यापासून वाकूनच भांग पाडला होता. डोक्याच्या वर काही ठेवायचं नाही आणि फुटणारं मऊवर ठेवायचं, हे या गावात कुणी कुणाला शिकवत नाही.

"मॅडम, आमच्याकडं असंच असतं," लीला म्हणाली, आणि का असतं ते सांगितलं. डॉ. मुकादम यांचं हसू थांबलं. मग त्या हळू म्हणाल्या, "वाकळ प्रत्येक पावलाला दबते गं. टाकी डुलते. त्यांना स्थिर जमीन लागते आणि अंधार. आहे अशी जागा?"

जागा होती. आतली खोली. भूकंपाला टिकावी म्हणून खोल पायावर बांधलेली, पण तिथे आजवर सोयाबीनच्या पोत्यांखेरीज कुणीच झोपलं नव्हतं.

टाकी हलवताना अप्पांनी एक बाजू धरली. पोती ठेवायला ते त्या खोलीत जात, पण श्वास कोंडून गेल्यासारखे जात आणि तसेच बाहेर येत. आताही ते टाकी टेकवून लगेच उंबऱ्याबाहेर झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी लीलाने खिडकीला काळा कपडा लावला, दार लोटलं आणि वाट बघत बसली. रत्नागिरीला भरती लागायची वेळ झाली आणि टाकीच्या तळाशी निजलेल्या पणत्या एकेक करून वर तरंगायला लागल्या. आधी एकीच्या पोटात निळा ठिपका उमटला, मग दुसरीच्या. बघता बघता सगळी खोली निळसर झाली. सोयाबीनच्या पोत्यांवर समुद्राचा उजेड पडला. लीलाचे डोळे भरून आले, आणि ते का, ते तिला सांगता आलं नसतं.

"ही काय नवाई हाय!" उंबऱ्यावरून अप्पांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले तिला कळलंच नव्हतं. "कशापायी पेटल्या?"

"तिकडं रत्नागिरीला आत्ता भरती आलीय, अप्पा. यांना त्यांचा समुद्र आठवतोय."

"इतक्या लांब येऊन?" अप्पा बराच वेळ बघत राहिले. "माहेर आठवायलंय म्हणायचं."

त्या दिवसानंतर अप्पा भरतीच्या वेळा विचारून ठेवायला लागले. आधी उंबऱ्यावर उभे राहायचे. मग उंबऱ्यावर बसायला लागले. एक दिवस लीला कॉलेजातून आली तर ते चक्क आत, पोत्यावर बसले होते आणि अव्वाला सांगत होते, "हळू बोल की, ऐकतेत त्या." लीलाने काही पाहिलं नाही असं दाखवलं. घरात नवं आलेलं मांजर एकेक खोली पुढे सरकतं तेव्हा त्याच्याकडे बघायचं नसतं, हे तिला माहीत होतं. दिवाळीच्या आत अप्पा इथे झोपतील, असं तिला मनोमन वाटायला लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत तिने सगळ्या नोंदी एकत्र मांडल्या, तर वेळा सरकत चालल्या होत्या. पणत्या रत्नागिरीच्या भरतीला पेटत नव्हत्या. दिवसागणिक थोड्या थोड्या करत त्यांनी ती भरती सोडून दिली होती, आणि आता दुसऱ्याच एका वेळी, पण रोज अगदी नेमाने पेटत होत्या. यंत्र बिघडलं असेल, घड्याळ चुकलं असेल, म्हणून लीलाने सगळं तपासलं आणि मग आकडे डॉ. मुकादम यांना पाठवले. त्यांचा लगेच फोन आला.

"लीला, सोलापूरहून हेच आलंय. नांदेडहूनही. प्रत्येक गावाची वेळ थोडी वेगळी." मग त्या सावकाश म्हणाल्या, "त्यांना समुद्र आठवत नाहीये गं. त्या तुमच्या गावची भरती पाळतायत."

"आमच्या गावात समुद्र कुठाय, मॅडम?"

"जमीन आहे ना."

मग त्यांनी समजावून सांगितलं. चंद्र समुद्राला ओढतो हे शाळेत सगळे शिकतात. पण चंद्र काय, पाणी बघून ओढत नाही. तो खडकालाही ओढतो. खडक पाण्यासारखा वाहत नाही, पण पृथ्वी दिसते तेवढी कडकही नाही. चंद्र माथ्यावर आला की पायाखालची सगळी जमीन, डोंगर, विहिरी, गावं यांच्यासकट वीतभर वर उचलली जाते. मग हळूहळू खाली बसते. चंद्र पृथ्वीच्या पार पलीकडे गेला की पुन्हा वर येते. दिवसातून दोनदा. आपल्याला कळत नाही, कारण आपल्यासोबत सगळंच उचललेलं असतं. मोजायला पट्टी लावावी तर पट्टीही वर. शास्त्रज्ञांना हे शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. नवं आहे ते पणतीचं. तिच्या डोक्यात वाळूच्या कणाहून लहान असा एक खडा असतो, तो चार केसांच्या झुबक्यांवर तोललेला असतो. त्यावर तिला वर-खाली कळतं. चंद्र माथ्यावर आला की त्या खड्याचं वजन कोटीतल्या एका भागाएवढं कमी होतं. तेवढं कमी झालेलं तिला कळतं, आणि ती पेटते.

लीलाने फोन ठेवला आणि अंगणात आली. पणत्या आत पेटलेल्या होत्या, म्हणजे जमीन आत्ता वर होती. समोर कडुलिंब होता, त्याच्याखाली बांधलेली म्हैस, पलीकडे पाण्याची टाकी, शाळा, सोयाबीनचं रान आणि त्यावर औषध फवारत घिरट्या घालणारं ड्रोन. हे सगळं, आणि लांबचं जुनं गाव, त्याच्या दगडांखाली राहिलेली माणसं, हे सगळं मिळून कुणीतरी दोन्ही हातांनी उचलून धरलं होतं. आणि अव्वा खाली बसून निवांत शेंगा फोडत होती. लीलाला वाटलं ओरडून सांगावं. 

मग तिची नजर शेडमध्ये बसलेल्या अप्पांवर गेली.

ज्या माणसाने उभा जन्म जमिनीला हात लावून काढला, त्याला सांगायचं, की ती रोज हलते? दिवसातून दोनदा? तो त्या खोलीत काय, शेडमध्येसुद्धा डोळा मिटणार नाही. तेवढ्यात अप्पांनी हाक मारलीच, "काय म्हणल्या गं मॅडम?" लीला म्हणाली, "काही नाही, अप्पा. वेळा जरा बदलल्यात. आठवण असते ना, थोडी मागंपुढं व्हायचीच." आयुष्यात तिने याआधी वडिलांना कधी फसवलं नव्हतं. पुढे थंडी पडली, अप्पांचा खोकला पुन्हा सुरू झाला, पोत्यावरची त्यांची बैठक लांबत गेली. पण अंथरूण शेडमध्येच राहिलं. आणि लीला गप्प राहिली.

मार्गशीर्षातली अमावास्या आली. लातूरकडे तिला येळवस म्हणतात, आणि त्या दिवशी गावंच्या गावं घराला कुलूप लावून शेतात जातात. कडब्याची लहानशी कोप उभी करायची, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा करायची, आणि मग डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली गार आंबील. ओळखीचा-अनोळखी कुणीही बांधावरून जाताना दिसला की हाताला धरून जेवायला बसवायचा. डॉ. मुकादम तर मुद्दाम रत्नागिरीहून टाकी बघायला आल्या होत्या. अव्वाने त्यांच्या पानात इतकी भज्जी वाढली, की पान दिसेना. बाईंनी आंबिलीची दुसरी वाटी संपवली, सूर्याकडे बघितलं आणि खुशीत येऊन म्हणाल्या, "अप्पा, आज अमावास्या. चंद्र आणि सूर्य एकाच बाजूला आहेत, दोघं मिळून ओढतायत. आत्ता तुमच्या शेताला भरती आलीय बघा!"

लीलाच्या हातातला घास हातातच राहिला. तिने बाईंना खुणावलं, पण बाई सांगण्यात रंगल्या होत्या. खडा, चंद्र, वीतभर उचललेली जमीन. अव्वा "अगं बाई!" म्हणत खालच्या मातीकडे बघायला लागली. अप्पांनी वाटी खाली ठेवली. हात धुतला. ते उठले आणि बांधावरून घराकडे चालू लागले.

"मी काही चुकीचं बोलले का?" बाई गोंधळून म्हणाल्या.

"नाही, मॅडम. मीच बोलले नव्हते," लीला म्हणाली आणि अप्पांच्या मागे निघाली.

तिला वाटलं होतं अप्पा शेडमध्ये सापडतील. ते आतल्या खोलीत होते. दार लोटलेलं, आणि पणत्या सगळ्याच्या सगळ्या वर येऊन पेटलेल्या. अप्पा टाकीशेजारी फरशीवर बसले होते, उजवा तळवा जमिनीला लावून. निळ्या उजेडात त्यांच्या तोंडावर काय आहे ते कळत नव्हतं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कवापासून?"

"दिवाळीपासून." लीला उंबऱ्यावरच बसली. "तुम्ही आत यायचं सोडून द्याल म्हणून बोलले नाही, अप्पा. चुकलं माझं."

 अप्पांनी जमिनीवर हात थोडा सरकवला. "पन्नास वर्षं हात लावून हाय मी. रोज वर जायली, खाली यायली, आन् मला एकडाव कळलं न्हाई." मग ते टाकीकडे वळले. "याहीनला मातर कळतंय. लीला, खरं सांग. तसं काही व्हायचं असलं, तर ह्या आधी सांगतील?"

लीलाला प्रश्न नीट कळला, आणि त्याचं उत्तर काय दिलं म्हणजे काय होईल तेही कळलं. "हो" म्हटलं की संपलं. अप्पा आज, आत्ता इथे अंथरूण आणतील. पणत्यांवर भरवसा टाकून उबेत झोपतील, खोकला जाईल, आणखी वीस वर्षं जगतील. खोटं ठरवायला कोण येणार आहे? डॉक्टरांनाही हेच हवंय, अव्वालाही. एक लहानसा शब्द होता तो, आणि तो तिच्या ओठांपर्यंत आला होता. तिने वडिलांकडे बघितलं. दहा वर्षांच्या मुलाने विचारावं तसं त्यांनी ते विचारलं होतं.

"नाही, अप्पा," ती म्हणाली. "चंद्राचं ओढणं वेळापत्रकाने येतं, हळूहळू येतं, म्हणून त्यांना कळतं. खालचा खडक तुटतो तो न सांगता तुटतो. तो कधी तुटणार, हे यांना कळत नाही. जगातल्या कुठल्या यंत्रालाही अजून कळत नाही."

"याहीनलाबी न्हाई?"

"नाही."

"चंद्र कळतो. तरीबी न्हाई?"

"तरीही नाही, अप्पा."

 लीलाला वाटलं, गेलं सगळं. ते आता उठतील, बाहेर जातील आणि पुन्हा या खोलीत पाऊल टाकणार नाहीत.  पण अप्पा उठले नाहीत. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता इतका हलका होता.

"मग मी जागा असतो तर मला तरी काय कळलं असतं गं?"

लीला पुढे गेली आणि त्यांच्याजवळ बसली. दोघेही पणत्यांकडे बघत राहिले. अप्पांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते ते पुसतही नव्हते. पणत्या निवांत वर तरंगत होत्या. खाली सगळा मुलूख वीतभर उचललेला होता, त्यांच्यासकट.

"सांगत असत्या, तर बसावं लागलं असतं याहीनच्याकडं टक लावून," अप्पा डोळे पुसून हसत म्हणाले. "बरं झालं सांगत न्हाईत ते."

संध्याकाळी अव्वा आणि डॉ. मुकादम शेतातून आल्या. शेडमध्ये अप्पा नव्हते आणि त्यांचं अंथरूणही नव्हतं.  लीलाने ओठांवर बोट ठेवून दोघींना आत नेलं आणि आतल्या खोलीचं दार थोडं उघडलं. पणत्या तळाशी जाऊन विझल्या होत्या, म्हणजे जमीन आता खाली बसली होती. दारातून आलेल्या उजेडात सोयाबीनच्या पोत्यांशेजारी वाकळ दिसली आणि वाकळेवर अप्पा. तोंड उघडं टाकून ते खोल घोरत होते.

अव्वा पुढे झाली आणि त्यांच्यावर पांघरूण नीट करायला वाकली, तशीच थांबली. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिने हे पाहिलं नव्हतं. अप्पांचा उजवा हात पोटावर होता.